खरिपाचा मेळावा आहे, रब्बीचा आहे; बहाराचा कधी?

प्रति,
मराठवाड्यातल्या फळबागायतदारांसाठी मेळावे, शिबिरं आणि प्रशिक्षणं ठरवणारे सर्व अधिकारी, शास्त्रज्ञ व आयोजक यांना

स. न. वि. वि.

पोळा होऊन चार दिवस झाले. अंबड तालुक्यातल्या माझ्या चार एकर मोसंबीत आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलाचं, फळ भरत आलंय आणि गळतंयही. सकाळी उठून झाडाखालची फळं वेचणं हे सध्याचं पहिलं काम. काल सात टोपली निघाली. त्यातलं एक फळ उचलून अंगठ्यानं दाबलं, तर सुईनं टोचल्यासारख्या बारीक भोकातून रसाची चिळकांडी उडाली. रस शोषणारा पतंग. अंधार पडला की येतो, फळात सोंड खुपसतो, पोट भरलं की जातो. भोकाभोवती डाग पडतो, आतून सड धरते आणि काही दिवसांत फळ खाली. याची अळी मोसंबीवर नसतेच. ती पोसते बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. आमच्या बांधावर गुळवेल भरपूर, कारण कोविडच्या वर्षी काढ्यासाठी म्हणून आईनंच ती कडुनिंबावर चढवली होती.

त्या वेली पावसाच्या सुरुवातीलाच उपटायला हव्या होत्या. मला हे माहीत नव्हतं असं नाही. फेब्रुवारीत एका प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. तेव्हा झाडावर फुलं होती, पतंगाचा पत्ता नव्हता. जुलै येईस्तोवर वही पेरणीच्या पावत्यांखाली गेली आणि मी साफ विसरलो. चूक माझीच. पण हीच गोष्ट जुलैत, कुणीतरी बांधावर उभं राहून, वेलीला हात लावून दाखवली असती तर मी विसरलो असतो का, एवढं मला तुम्हाला विचारायचं आहे.

म्हणजे हे पत्र तक्रारीचं कमी आणि तारखांचं जास्त आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे दोन मेळावे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. १८ मे १९७२ ला विद्यापीठ स्थापन झालं, म्हणून १८ मेला खरीप मेळावा. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्या दिवशी रब्बी मेळावा. या दोन तारखांसाठी कुणाला मेसेज पाठवावा लागत नाही. माणसं पहाटेच्या गाडीनं निघतात, बियाण्याच्या रांगेत उभी राहतात, बीडीएन ७११ तुरीची नाहीतर परभणी मोती ज्वारीची पिशवी खांद्यावर टाकतात आणि चर्चासत्रात प्रश्न विचारून, भांडून, संध्याकाळी परत येतात. येत्या १७ तारखेला मीही जाणार आहे. दोन एकर ज्वारी माझीही असते. तारीख ठरलेली असली की माणूस आपोआप येतो, हे त्या मेळाव्यांनी दाखवून दिलं आहे. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याला भरणाऱ्या चर्चासत्राचंही तेच. वर्षानुवर्षं भरतं, म्हणून लोक जातात.

आता मोसंबी आणि केशर आंबा असणाऱ्या माणसाच्या घरून बघा. १८ मे म्हणजे केशर पाडाला लागायचे दिवस. रात्री वळवाचं वारं सुटलं की सगळं घर बॅटऱ्या घेऊन बागेत. तोडणीची माणसं मिळालेली, क्रेट आलेले, व्यापाऱ्याची गाडी कधीही दारात येईल अशी अवस्था. त्या दिवशी परभणीला जायचं म्हणजे बाग देवाच्या भरवशावर सोडायची. १७ सप्टेंबरला मोसंबीची गळ ऐन भरात आणि मालाचे सौदे सुरू. यात विद्यापीठाचा काही दोष नाही. ते मेळावे नावानंच खरिपाचे आणि रब्बीचे आहेत आणि मराठवाड्यात कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी करणारा शेतकरी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण फळबागेचं वर्ष खरीप-रब्बीत बसत नाही. ते बहारात, म्हणजे झाडाच्या फुलोऱ्याच्या हंगामांत, चालतं. मृग, हस्त, आंबिया. आजपर्यंत मला पाठ झालेली बहार मेळाव्याची तारीख एकही नाही.

मोसंबीचा आंबिया बहार धरायचा तर झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, ते साधारण डिसेंबरात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, काळ्या भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंतही. पानं मलूल होतात, पिवळी पडून थोडी गळतात, मग जानेवारीत ताण तोडायचा, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करायचं. माझ्या चार एकरांत वरचा दीड एकर मुरमाड आहे आणि खालचा काळा. दोन्हीचं पाणी एकाच दिवशी तोडून मी दोन वर्षं वरची झाडं सुकवली आणि खालच्या झाडांना पुरता ताणच बसू दिला नाही. वर फूल आलं पण झाडात दम उरला नव्हता. खाली नुसता पाला. हे जर कुणी मला सांगायचं होतं तर नोव्हेंबरच्या अखेरीस, त्या दोन तुकड्यांच्या मधल्या बांधावर उभं राहून, दोन्हीकडची मूठ-मूठ माती हातात देऊन. केशरला नियमित मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध द्यायचं तर ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. झाडाचा घेर मोजून मात्रा काढायची, आळ्यात खड्डे कुठं घ्यायचे, तेव्हा जमिनीत ओल किती हवी, हे सगळं जूनमध्ये कळायला हवं. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात, गोडी छाटणी ऑक्टोबरात. झाडाचं कॅलेंडर हे असं आहे.

आणि प्रशिक्षणं होतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. का होतात ते आम्हालाही कळतं. निधी आर्थिक वर्षात खर्च व्हायला हवा, नाहीतर परत जातो. एका वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'आंबिया बहार व्यवस्थापन' या विषयावर मी प्रशिक्षण घेतलं आहे. बहार धरून दोन महिने झाले होते, झाडावर वाटाण्याएवढी फळं होती. वरातीमागून घोडं. मंगल कार्यालयाचा हॉल, मागं भलामोठा फलक, पुढं समई. पंख्याच्या वाऱ्यानं समई तीनदा विझली म्हणून पंखे बंद केले. जालन्यातला मार्च आणि पंखे बंद. मग हार, शाल, नारळ, प्रास्ताविक, चार मनोगतं. मोसंबीवर बोलायला आलेले शास्त्रज्ञ पहिल्या रांगेत फाइल घेऊन बसून होते. माणूस अभ्यासू, नंतर चहाच्या टेबलावर माझ्या डिंक्याच्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाच्या, प्रश्नाला त्यांनी उभ्याउभ्या पाऊण तास दिला. पण माईक त्यांच्या हातात आला तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि मागच्या दारातून वरणाचा वास येत होता. वीस मिनिटांत त्यांनी सत्तर स्लाइड पळवल्या. जेवणानंतर सह्या, पिशवी, वही, पेन, आणि सगळ्यांचा एक फोटो, ज्यात ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते. फोटो दोनदा काढला, पहिल्यात फलक कापला गेला होता.

मी हे चेष्टेनं सांगत नाही. तिथली माणसं चांगली होती, जेवण चांगलं होतं. कार्यक्रम पार पडला, प्रशिक्षण तेवढं राहून गेलं.

याउलट मला आजवर जे खरं शिकायला मिळालं ते शेजारच्या गावात, एका निवृत्त कृषी सहायकांकडून, जूनच्या पहिल्या आठवड्यात. आभाळ भरून आलेलं, पाऊस पडायच्या आत बोर्डो पेस्ट लावायची होती. अकरा जण होतो. दहा लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद त्यांनी आदल्या रात्रीच प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात भिजत घातलं होतं. लोखंडाची बादली चालत नाही, ती खाल्ली जाते. चुना दुसऱ्या बादलीत विरवला, निवू दिला, फडक्यानं गाळला. मग दोघांनी दोन बादल्या उचलून दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचं आणि एकानं काठीनं ढवळत राहायचं. निळसर दाट लापशी झाली. त्यांनी कमरेचा विळा काढला, त्याचं पातं घासून चकचकीत केलं आणि बादलीत बुडवून धरलं. बाहेर काढलं तर पात्यावर तांबूस रंग चढलेला. "अजून आम्ल आहे. चुना घाला," म्हणाले. घातला, ढवळलं, पुन्हा पातं बुडवलं. या वेळी स्वच्छ. मग झाडाच्या बुंध्याला आलेला डिंक चाकूनं खरवडून, सडलेली साल हिरवट निरोगी भाग लागेपर्यंत काढून, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ब्रशनं लेप दिला. दीड तासात सगळं आटोपलं. ना समई, ना फलक. त्या वर्षीपासून डिंक्यानं माझं झाड गेलेलं नाही.

तिथं माझी बायको चहा घेऊन आली होती आणि बांधावर थांबून बघत होती. सगळ्या कार्यक्रमात कामाचा प्रश्न तिनं विचारला. "उरलेलं उद्या चालंल का?" उत्तर आलं, "नाही ताई, ज्या दिवशी केलं त्या दिवशीच संपवायचं." आम्ही अकराही जण तोवर उरलेलं झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी वापरत होतो. बागेत बादली कालवणारी ती, फळाची निवड करणारी ती, कुठल्या झाडाला काय झालंय हे माझ्याआधी तिला कळतं. पण प्रशिक्षणाच्या नोंदणीत सातबारा मागतात आणि सातबारा माझ्या नावावर. एका ठिकाणी मी तिला सोबत नेलं तर दारातल्या मुलानं विचारलं, "काकू पण बसणार का?" बसली. पण यादीत नाव नाही म्हणून वही मिळाली नाही, ते ती अजून काढते. नोंदणीला सातबाऱ्याऐवजी बागेत काम कोण करतं एवढं विचारलं तरी पुरे. बटईनं बाग करणाऱ्यांचाही प्रश्न त्यात सुटेल.

रोपांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महागडी चूक तिथं होते. कपाशीचं बियाणं फसवं निघालं तर एक हंगाम जातो. मोसंबीचं कलम फसवं निघालं तर कळायलाच चार-पाच वर्षं लागतात, तोवर पाणी, खत, मजुरी सगळं घालून झालेलं असतं. माझ्या चुलतभावानं २०१२-१३ च्या दुष्काळात बाग वाळल्यावर नव्यानं लावली. टँकरनं पाणी घालून, व्याजानं पैसे काढून. गाडीवर रोपं आली, स्वस्त मिळाली म्हणून घेतली. खुंट म्हणजे खालचं मुळाचं झाड कुठलं, त्यावर बांधलेला मोसंबीचा डोळा कुठल्या झाडाचा, काही माहीत नाही. डोळा जमिनीला टेकल्यासारखा खाली बांधलेला. लागवड करताना तो मातीत गेला आणि पहिल्या चांगल्या पावसाळ्यात बुंध्याला डिंक सुरू. डोळा वीतभर वर हवा, खुंट रंगपूर लिंबाचा की जंबेरीचा हे विचारायचं, रोपवाटिकेचा परवाना बघायचा, पावती घ्यायची, आणि लावताना डोळा मातीच्या वर राहील असं बघायचं. चार-पाच वाक्यांचं ज्ञान आहे. पण ते मे महिन्यात खड्डे खोदल्यावर उपयोगाचं नाही. रोपांची नोंदणी त्याच्या कितीतरी आधी होते. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आली, अनुदानाची माहिती देणारे कार्यक्रम त्यामुळं गावोगाव झाले. अर्ज कसा भरायचा हे आम्हाला पाठ झालं. रोप कसं निवडायचं हे शिकवणारा कार्यक्रम मात्र माझ्या तरी वाट्याला आला नाही.

द्राक्षवाल्यांचा मला हेवा वाटतो, ते उघड सांगतो. त्यांच्या राज्य संघाचं वार्षिक अधिवेशन ऑगस्टमध्ये पुण्यात होतं, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर. आमच्या कडवंचीचे, तिकडं लातूर-धाराशिवचे बागायतदार तिथून आले की छाटणीआधी हातात महिना असतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात द्राक्षं अडकली, आणि त्या दणक्यानंतर द्राक्षवाला औषधाच्या बाटलीवर किमतीच्या आधी काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं ते, वाचायला लागला. आम्हा मोसंबीवाल्यांत बाटली अजून दुकानदाराच्या शब्दावर घेतली जाते. आमचा माल पाचोडच्या नाहीतर जालन्याच्या बाजारातून पुढं जातो, अंश कुणी तपासत नाही, म्हणून आम्ही निवांत. केशरचं तसं नाही. जालन्यात पणन मंडळाचं निर्यात सुविधा केंद्र आहे, पण परदेशी पाठवायचा आंबा तर बागेची नोंदणी मँगोनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदणीत हंगामाआधी व्हावी लागते, फवारणीची नोंद ठेवावी लागते, फळ देठासकट तोडून चीक निथळवावा लागतो. हे तोडणाऱ्या टोळीला शिकवायला हवं. आजवर प्रत्येक प्रशिक्षणाला मालक बोलावला गेला आणि फळ झाडावरून उतरवणारा गडी घरी राहिला.

मराठवाडा केशर, जालना मोसंबी, बीड सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे सत्कार झाले. ते नाव खोक्यावर छापायचं तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, हे आमच्या गावात अजून दोन-तीन जणांनाच माहीत आहे. एक दिवस त्यासाठी द्या. कागद घेऊन बसा, तिथंच अर्ज भरून घ्या. भाषण नको.

आता मागणी. नवीन इमारत नको, नवीन योजना नको. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, संभाजीनगरात हिमायतबागेला फळ संशोधन केंद्र आहे, अंबाजोगाईला सीताफळाचं आहे, नांदेडला केळीचं. या चार जागी चार ठरलेल्या तारखा द्या, १८ मे आणि १७ सप्टेंबरसारख्या, कुणाच्या सोयीनं न हलणाऱ्या. मोसंबीसाठी नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, ताण द्यायच्या आधी. केशरसाठी जूनचा शेवटचा. सीताफळवाल्यांना तोडणीआधी ऑगस्टात बोलवा. ते फळ पिकलं की दोन दिवस थांबत नाही, त्यामुळं त्यांना प्रतवारी आणि गर काढणं यातलंच जास्त हवं आहे. केळीची तारीख अर्धापूरच्या लोकांना विचारून ठरवा, मी त्यात तोंड घालत नाही. पाहुणे बोलवायचे तर जरूर बोलवा, फक्त त्यांची भाषणं दुपारच्या जेवणानंतर ठेवा. सकाळचे पहिले दोन तास शास्त्रज्ञ आणि झाड यांचे.

डिसेंबरात पुण्याला मोशीत मोठं कृषी प्रदर्शन भरतं, आमची पोरं गाड्या करून जातात. जावं, यंत्रं बघावीत, मीही फवारणीचा ब्लोअर तिथंच पहिल्यांदा चालू बघितला. पण प्रदर्शनात माणूस विकत घ्यायच्या नजरेनं हिंडतो. स्टॉलवरचा मुलगा तुमच्या झाडाला काय झालंय हे न विचारताच बाटली पुढं करतो. त्यामुळं प्रदर्शनांना तुम्ही प्रशिक्षणात मोजू नका, एवढीच विनंती.

आणि निरोप. उद्याच्या प्रशिक्षणाचा मेसेज आज रात्री नऊला येतो. सकाळी दहाला तालुक्याला पोचायचं तर लाइटचं वेळापत्रक बघावं लागतं. आमच्या फिडरला आठवड्यातून काही दिवस दिवसा वीज असते, काही दिवस रात्री. दिवसा वीज असलेला दिवस वाया घालवून कुणी येत नाही. वर्षाच्या तारखा गुढीपाडव्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या तर पाण्याच्या मोटारीचं आम्ही बघून घेऊ.

प्रशिक्षणासाठी बाग हवी असेल तर माझी आहे. मुरमाड तुकडा वर, काळा खाली, मधे बांध. ताणाचा धडा शिकवायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. गुळवेल तेवढी मी काढून ठेवतो.

आपला,
मोसंबी-केशरचा एक बागायतदार,
तालुका अंबड, जिल्हा जालना

ता. क. : तुमच्या कुठल्याशा यादीत माझ्या मोबाइलचा एक आकडा चुकला आहे. त्यामुळं माझे सगळे मेसेज कल्याणच्या एका रिक्षावाल्याला जातात. पहिल्या वेळी त्यानं कुणाचं तरी काम अडेल म्हणून शेवटचा आकडा बदलून बदलून चार-पाच जणांना फोन लावले आणि मला शोधून काढलं. आता मेसेज आला की तो न चुकता कळवतो. "काका, उद्या साडेदहाला मोसंबी हाय तुमची." त्याचा फोन पुष्कळदा आमच्या गावच्या ग्रुपवरच्या निरोपाआधी येतो. आकडा दुरुस्त करा, पण घाई नाही. परवा त्यानं विचारलं, "काका, ह्यात लिवलंय झाडाला ताण द्यायचा. आमाला तर रोजच असतो, मग आमाला कधी बहार?"